सर्व्हरची दुपारची झोप

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या प्रोग्रामने नऊ वर्षं विनातक्रार काम केलं, हे मी पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवत असे. बायको म्हणायची, "झाली टिमकी वाजवून? कप उचला आता."

मग एका मंगळवारी दुपारी तीनला दवाखान्यातून फोन आला. धावत गेलो. स्क्रीन गोठली होती. नोंदणीच्या खिडकीपुढे साठ माणसं डोळ्यांत औषध घालून बसली होती. त्यांना माझा चेहरा नीट दिसणार नव्हता, तेवढाच दिलासा. मोठे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पाचपर्यंत चालू झाला तर ठीक. नाहीतर उद्या दुसरा प्रोग्राम आणतो."

डेटाबेसशी बोलायला प्रोग्रामकडे वीस कनेक्शनं होती. काम झालं की कनेक्शन परत ठेवायचं, म्हणजे पुढच्याला मिळतं. आज विसाच्या वीस गायब. पण आजच का? वेगळं एवढंच होतं की नोंदणीच्या ताई रजेवर होत्या. लेकीचं बाळंतपण, नऊ वर्षांतली पहिली रजा. लाज गुंडाळून ठेवून त्यांना फोन लावला.

"ताई, प्रोग्राम बंद पडलाय हो."

"दीडला झोपवलं होतं का त्याला?"

"कुणाला?"

"अहो, तुमच्या लेकराला! रोज जेवणाच्या सुट्टीत सर्व्हर बंद करून परत चालू करते मी."

"कशासाठी?"

"दुपारी डॉक्टरांची ड्युटी बदलते आणि तुमचा प्रोग्राम सकाळचीच यादी धरून बसतो. पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बघतो."

मी नऊ वर्षं बघत होतो.

यादी एकदाच वाचून मेमरीत ठेवायची, हे माझं चातुर्य. ती शिळी झाल्यावर काय, हा विचार उद्यावर ढकललेला. ताई ते निस्तरत होत्या, आणि त्यांच्या नकळत माझं दुसरं पापही. प्रिंटरमध्ये कागद अडकला की माझा कोड रुसून मधूनच उठून जायचा, कनेक्शन परत न ठेवता. प्रिंटर म्हातारा; दुपारपर्यंत पंधरा-सोळा कनेक्शनं सहज जायची. पण वीस संपायच्या आत दीड वाजायचा, सर्व्हर झोपून उठायचा आणि विसाच्या वीस परत जागेवर. रात्री तर तो बंदच असायचा.

काम होवो वा फसो, जाताना कनेक्शन ठेवून जायचं, असं कोडला बजावलं. यादी दर दहा मिनिटांनी नव्याने वाचायला लावली. पावणेपाचला खिडकीपुढची रांग हलली.

"नऊ वर्षांत एकदाच बंद पडला, कमाल आहे," मोठे डॉक्टर म्हणाले.

गप्प बसायचा मला चांगला सराव होता. तरी म्हणालो, "नऊ वर्षं तो ताईंनी चालवला," आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, बहुतेक नंबर काढत असावेत. "प्रोग्राम राहू दे," ते म्हणाले. "पण हे ताईंनाही सांगा. समोर जाऊन."

ताई कामावर आल्या त्या दिवशी मी दीडच्या आधीच हजर. त्या सवयीनं सर्व्हरच्या खोलीकडे निघाल्या होत्या.

"आता नका झोपवू, ताई. त्याला शहाणं केलंय. माझी अब्रू तुम्ही राखलीत. फार उपकार झाले."

"बरं बरं. आधी नातीचा फोटो बघा."

फोटो पाहिला. मग त्यांनी खुर्ची ओढली, डबा उघडला आणि थोड्या अवघडून बसल्या. "सर्व्हर जागा होईपर्यंत तिथंच उभ्याने खायचे मी. बसून जेवायची सवयच गेली."

मी तसाच उभा.

"निघा आता," ताई म्हणाल्या. "कुणी असं बघत राहिलं की घास उतरत नाही."