सॅन्टनची सपाटी

"सपाटी कुठं सुरू व्हते, ते एकदा सांग मला," श्रीपत बांधावर बसून म्हणाला. "म्हंजे मी माझी जागा बघून बसतो."

"या बांधापासून," सॅन्टनने विळ्याचं टोक बांधावर टेकवलं. "इकडं आमचं, ती सपाटी. पलीकडं तुझं, तो डोंगर. रेडिओवरची बाई सोताच्या तोंडानं बोलली, डोंगराळ भागात गडगडाटासह पाऊस, सखल भागात हवामान कोरडं. मी उद्या कापनार."

व्हेरोनिका बांधाच्या कडेला भाकरी सोडत होती. नवऱ्याचं बोलणं ऐकून तिने कपाळाला हात लावला. गोखिवऱ्याला तुंगारेश्वराच्या पायथ्याशी दोन शेतं, मध्ये वीतभर रुंदीचा बांध. त्या बांधावर म्हणे डोंगर संपला!

सॅन्टन पूर्वी असा नव्हता. राजोडीच्या अलीकडे त्याची केळीची वाडी, घरही तिथेच, आणि भाताचं हे शेत तेवढं रेल्वेचं फाटक ओलांडून पूर्वेला. वाडीत खपावं, पावसाळ्यात शेतावर यावं, रविवारी देवळात जावं, असा साधा माणूस. पण दिल्लीत एशियाडची तयारी चालली होती त्या साली व्हेरोनिकाचा भाऊ निकोलस बहारीनहून आला आणि भावोजींना ट्रान्झिस्टर देऊन गेला. त्या दिवसापासून सॅन्टनने आभाळाकडे बघणं सोडलं. संध्याकाळच्या बातम्या झाल्या की तो ओट्यावर येऊन उद्याचं हवामान जाहीर करायचा. लोक त्याला वेधशाळा म्हणू लागले. सप्टेंबरात त्याच्या शब्दावर शेजारच्या लिडियाने बोंबील वाळत घातले आणि भिजवले. तेव्हापासून ती त्याला दिसेल तिथे विचारायची, "काय वेधशाळा, आज धुणं वाळत घालू, का आपल्या कर्मावर सोडू?"

श्रीपतही काही कमी नव्हता. त्याचा विश्वास तुंगारेश्वरावर. डोंगराने ढगांची टोपी घातली की पाऊस, काढली की ऊन. आता टोपी होती, म्हणून तो थांबा म्हणत होता.

"रविवार गेल्यावर काप ना रं. भात काय पळून जातंय?"

"रविवारी आगेरा हाय, भाऊ," व्हेरोनिका मध्ये पडली. "यंदा जुडी आमच्या घरची."

इथे मात्र तिचा आवाज हलका झाला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नवं भात देवळात नेऊन फादरचा आशीर्वाद घ्यायचा, तो आगेरा. लोंब्यांची पहिली जुडी न्यायचा मान दर वर्षी आळीतल्या एकेका घराकडे फिरतो. जुडी विकतची चालत नाही, मागून आणलेली चालत नाही. आपल्या हातच्या बियाण्याची, पिवळीधमक आणि कोरडी हवी. व्हेरोनिका या घरात सून म्हणून आली तेव्हा सासूने ती डोक्यावरून नेलेली तिने पाहिली होती. मग सासू गेली, मान इतर घरं फिरत राहिला, आणि यंदा तो तिच्याकडे आला होता. ती महिनाभर याच विचारात होती. नवी साडीही आणून ठेवली होती.

"मंग ठीक हाय, वयनी," श्रीपत उठला. "सावड ती सावड. उद्या तुमचं कापू, सोमवारी माझं. पन पाऊस आला तर मी बांधावर उभा राहनार हां. बघतो, बांध बघून थांबतो का."

जाता जाता त्याने आपल्या उंच भातावरून हात फिरवला. "तुमच्याच आवनाचं भात, बघ. माझ्याकडं कसं माजलंय." आषाढात त्याची रोपं कुजली होती तेव्हा सॅन्टनने आपलं उरलेलं आवण त्याला दिलं होतं. ती गोष्ट श्रीपत उपकार म्हणून सांगत नसे, सॅन्टनला चिडवायला सांगे.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून सॅन्टनचं भात कापलं आणि वाळायला तिथेच पसरलं. संध्याकाळी तुंगारेश्वर काळा पडला. वर गडगडलं. शेतावर थेंब आला नाही, पण व्हेरोनिकाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

"भात घरी न्या," सकाळी तिने सांगून टाकलं. "अंगनात वाळवू."

"का म्हनून? रेडिओ बोललाय..."

"रेडिओचंच ऐकते मी. सपाटी कोरडी राहनार ना? मंग आपलं अंगन सपाटीत हाय का नाय? त्याला काय शंका? शेताचं भांडन तुमचं आनि श्रीपतभाऊंचं अजून चालू हाय. अंगनाचं कुनाशी भांडन नाय."

आपलंच हत्यार बायकोने आपल्यावर चालवलं, हे सॅन्टनला कळलं होतं. त्याने बैलगाडी जुंपली. भारे फाटकापलीकडे, वाड्यांमधून, थेट घरी आले. व्हेरोनिकाने अंगण सारवून घेतलंच होतं. भात उन्हात पसरलं तेव्हा ती इतकी खूश झाली की लिडियालासुद्धा बोलावून दाखवलं.

शनिवारी दुपारी दोघं देऊळ सजवायला गेली. अंगावरचे कपडे चिकटत होते अशी तलखी होती. पताका बांधता बांधता सॅन्टन खिडकीतून पूर्वेला बघत होता. तुंगारेश्वर निळाशार, टोपी गायब. "बघ," तो म्हणाला, "डोंगरालासुद्धा रेडिओ पटला."

समुद्राकडे कोणी बघितलंच नाही. त्याच्याबद्दल ना रेडिओ काही बोलला होता, ना डोंगर. अर्नाळ्याच्या बाजूने आभाळ असं आलं की पताका पुऱ्या बांधायच्या आत पहिली सर कौलांवर आदळली. दोघं धावत घरी पोहोचली तोवर अंगणाचं तळं झालं होतं. लोंब्या पाण्यात तरंगत होत्या आणि भिजलेल्या कोंबड्या ओट्यावर उभ्या राहून ते बघत होत्या.

व्हेरोनिका चिखलात बसली आणि रडली. लपूनछपून नाही, चांगली मोठ्याने रडली. लिडिया कुंपणापाशी आली होती, पण तिलाही आज विचारायला काही सुचलं नाही. ती परत जाऊन आपल्याकडची गोणपाटं घेऊन आली.

वाचलं ते ओटीवर पसरलं, पण दाणे काळवंडले होते आणि लोंब्यांना सारवणाचा चिखल माखला होता. सॅन्टनने सवयीने रेडिओ लावला. बाई सांगत होती, सखल भागात हवामान कोरडे राहील.

"तिला सांगा, इथं येऊन बघ," व्हेरोनिका म्हणाली. त्याने खटका दाबला. एक लोंबी उचलून तो म्हणाला, "भात तिथंच राहिलं असतं तर..."

"मीच आनलं. ठाऊक हाय मला."

"मी बोललो नसतो बांधाचं, तर तू आनलं नसतं."

मान पुढच्या घराला द्यावा, हे दोघांच्या मनात होतं. बोलून कोणी दाखवलं नाही.

रविवारी सकाळी सॅन्टन फादरना तसं सांगायला निघाला, तर दारात श्रीपत आणि त्याची बायको भागूबाई. भागूबाईच्या डोक्यावर धुतल्या फडक्यात बांधलेली भाताची जुडी होती, पिवळीधमक.

"काल सांजेला समुद्राच्या अंगाला काळं दिसलं," श्रीपत म्हणाला. "आमच्याकडं टिपूस नाय. बोललो, सपाटी बुडाली बहुतेक."

"भाऊ, मागून आनलेली चालत नाय," व्हेरोनिका म्हणाली.

"मागून कुठं?" भागूबाईने जुडी तिच्या हातात ठेवली. "बी तुमचं, आवन तुमचं. आमच्याकडं निस्तं राहायला होतं."

जुडीच्या देठांवर हळदकुंकू होतं. शेतातला पहिला विळा चालवला म्हणून भागूबाईने लावलं होतं, आणि आता ते बघून तीच ओशाळली. "पुसू का गं?"

"हात लावू नका," व्हेरोनिका म्हणाली आणि नवी साडी नेसायला आत पळाली.

देवळाच्या पायऱ्यांवर सगळी आळी जमली होती. लिडियाची कालची माया रात्रीतून ओसरली होती. "काय वेधशाळा," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "जुडी सपाटीची का डोंगराची?"

लोक हसले. सॅन्टनने देवळाच्या फाटकाशी उभ्या श्रीपतकडे बघितलं, टोपी सारखी केली.

"डोंगराची," तो म्हणाला.

"नाय वो," श्रीपत फाटकातून ओरडला, "सपाटीचीच हाय! पायथ्याला सगळं सपाटच की!"

"अरे, तूच बोललास डोंगर म्हनून!"

"मी कवा बोललो? तू बोललास!"

घंटा वाजली तरी दोघांचं चालूच. व्हेरोनिकाने पदर सावरून जुडी डोक्यावर घेतली, भागूबाईचा हात धरला आणि पायरी चढली.

"त्या दोघांचा गडगडाट थांबला की येतील," ती म्हणाली. "आपन चला."