नवरा डोळा मारतो तेव्हा

आमचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो मी काढते. कॉम्प्युटरवर लोकांचे मुरूम नि सुरकुत्या घालवायचं काम नवऱ्याचं. त्याच्या स्वतःच्या डाव्या गालावरचा चट्टा मात्र तसा जाणारा नव्हता. तो कुष्ठरोगाचा निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या. बरा होणारा आजार, त्यामुळे मी निश्चिंत होते.

पुढे चट्टा अचानक लालभडक झाला, सुजला, हात लावला तर गरम लागायचा. "गोळ्या अंगावर उठल्या," असं स्वतःच ठरवून स्वारीने त्या बंद केल्या. मला सांगितलंही नाही. बायकोला विचारलं तर कमीपणा येतो ना!

त्याच सुमारास हा गिऱ्हाइकांना डोळा मारायला लागला. फोटो न्यायला आलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनाही मारला. बाई गोऱ्यामोऱ्या होऊन गेल्या.

"अहो, या वयात ही कसली थेरं?"

"मी काही केलं नाही गं. डोळ्यात कचरा गेलाय, सारखं पाणी येतंय."

"कचरा डोळ्यात नाही, डोक्यात गेलाय. बसा कॅमेऱ्यासमोर, तुमचे प्रताप तुम्हालाच दाखवते. आधी दोन्ही डोळे मिटा बघू."

उजवा मिटला. डाव्याची पापणी अर्ध्यावरच अडकली, खालून पांढरं दिसत राहिलं.

"घट्ट मिटा!"

"मिटलेत की!"

माझं हसू पळालं. हा उजवा डोळा मारत नव्हता, याला डावा मिटताच येत नव्हता. मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्याला दवाखान्यात नेलं. बंद केलेल्या गोळ्यांचं बिंग तिथेच फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी गाल तपासला, डोळे मिटायला लावले. "ही रिअ‍ॅक्शन आहे. रोग वाढलेला नाही, गोळ्यांचाही दोष नाही. तुमचं शरीरच जंतूंवर चवताळून उठलंय, त्यात चेहऱ्याची नस सुजलीय."

म्हणजे भांडण दोघांचं नि तोटा तिसऱ्याचा! आणि स्वारीने चोर सोडून संन्याशाला, म्हणजे गोळ्यांना, फाशी दिली होती.

"डोळा जाईल का हो?" नवऱ्याने विचारलं. त्याचं सगळं काम डोळ्यांचं.

"उघडा राहिला तर वाळेल, जखम होईल. पण लवकर आलात. नस सावरेल असं वाटतंय, खात्री देत नाही. जुन्या गोळ्या आजपासून परत सुरू. सूज उतरवायच्या वेगळ्या देते, त्या माझ्याशिवाय कोणी बंद करायच्या नाहीत."

"आता यांची काय बिशाद!" मी म्हटलं.

मग डोळ्यात थेंब, दिवसा गॉगल, झोपताना पट्टी. गालाची सूज उतरली, पापणी मात्र हटून बसली. मी रोज बघायचे आणि रोज खोटंच म्हणायचे, "आज जरा बरी आहे हं."

एका दुपारी गिऱ्हाईक फोटोंसाठी खोळंबलेलं आणि आत काही हालचाल नाही. तोंड सोडायच्या तयारीनेच मी आत गेले. नवरा खुर्चीतच घोरत होता. पट्टी नाही, गॉगल नाही, दोन्ही पापण्या गच्च मिटलेल्या.

मी पाऊल न वाजवता बाहेर आले. "तासाभराने या," गिऱ्हाइकाला हळूच म्हटलं, "मालक झोपलेत."