क्राऊनची मागची सीट

गुणाजी परब रुसला होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने रुसावं का, असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे. तो रुसला होता एवढं खरं. भोईवाड्यातल्या आपल्या खोलीत सकाळपासून भिंतीकडे तोंड करून बसला होता. चहा गार झाला, पेपर घडीचा घडीच राहिला.

“तोंड कित्याक पाडून बसलात?” शेवंतीने विचारलं. “गाडी काय तुमच्या बापाशीची? त्यांची गाडी, त्यांचो गणपती. कोण चलवतला ता तेच ठरवतले.”

“माका शिकवू नको,” गुणाजी भिंतीलाच म्हणाला.

झालं होतं असं. आदल्या संध्याकाळी गिरगावातून कमलाकांत धैर्यवानांचा फोन आला. गुणाजीने या साहेबांकडे चाळीसहून जास्त वर्षं ड्रायव्हरकी केली. साहेब फोनवर कायम तुटकच बोलायचे. “गुणाजी, उद्या हरतालिका. गणपती घ्यायचाय. तू परस्पर हेरंबच्या कारखान्यात ये. गाडी जुई आणेल.” आणि फोन ठेवला. बस्स! जुई म्हणजे साहेबांची नात, नाकावर चष्मा आणि कानात कायम काहीतरी खुपसलेलं.

आता हे काही साधं वर्ष नव्हतं. ठाकूरद्वारची साहेबांची इमारत पाडून नवी उठणार होती, आणि विसर्जन झालं की गाडी पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या हौशी माणसाकडे जाणार होती. म्हणजे तिच्यातून येणारा हा शेवटचा गणपती. इतकी वर्षं एकही न चुकवता गुणाजीने तो आणला, आणि शेवटच्या खेपेला स्टिअरिंग त्या पोरीच्या हातात! वर जखमेवर मीठ असं की, त्या गाडीचा गिअर पोरीला शिकवला होता खुद्द गुणाजीनेच. महिनाभरापूर्वी साहेब म्हणाले, “जरा दाखव तिला, गाडी हलवायला कोणीतरी हवं.” आणि हा शहाणा रोज पहाटे मरीन लाइन्सला जाऊन तिला स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर कसा ओढायचा ते दाखवत बसला होता. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा, दुसरं काय!

गाडी म्हणजे टोयोटाची क्राऊन. एका वकिलातीने काढून टाकलेली, साहेबांनी हौसेने घेतलेली. जपानातही आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे इकडे येऊन तिला काही जड गेलं नाही. क्राऊनची सगळी कुळकथा गुणाजीला तोंडपाठ होती. साहेब मागे बसून सांगायचे आणि तो पुढे बसून हुंकार द्यायचा. पहिली क्राऊन निघाली पंचावन्न साली. तिचे मागचे दरवाजे उलट्या बाजूने उघडायचे, पुढचा नि मागचा मिळून कपाटाच्या दोन झडपांसारखे, म्हणजे मागे बसणाऱ्याला ऐटीत उतरता यावं. मग दुसरी, तिसरी, अशी पिढ्यान्‌पिढ्या. आता सोळावी चालू आहे. घाट बदलला, इंजिनं बदलली, नाव तेच राहिलं. साहेबांची होती चौथ्या पिढीतली. तिचं तोंड इतकं गुबगुबीत की तिथल्या लोकांनी तिला देवमासा म्हणायला सुरुवात केली आणि नेहमीचं गिऱ्हाईक बिचकलं. “जपान्यांना नाही आवडली,” साहेब म्हणायचे, “पण आपल्या गल्लीत हिच्यापुढे कोण आहे?” भोईवाड्याच्या चाळीत ही कथा गुणाजीने इतक्या वेळा सांगितली होती की पोरं त्याला बघितलं की ओरडायची, “काका, देवमासा!”

पण त्या कथेतला एक तुकडा तो कोणाला सांगत नसे. तो त्याच्या एकट्याचा होता.

गिरणी बंद पडली तेव्हा गुणाजी अठ्ठावीसचा होता. घरात तान्हं पोर, हातात लायसन, अनुभव म्हणाल तर गिरणीच्या टेम्पोचा. साहेबांनी ठेवून घेतलं. आणि पहिल्याच दिवशी ठाकूरद्वारच्या त्या चिंचोळ्या फाटकातून गाडी आत घेताना त्याने डावा मडगार्ड खांबाला खरवडला. कर्र्र असा आवाज झाला. गेली नोकरी! तो खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला. साहेब सावकाश मागून उतरले. त्यांनी चरा पाहिला, त्याच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “गुणाजी, ही क्राऊन पहिल्यांदा अमेरिकेत गेली ना, तेव्हा तिथल्या लांबलचक रस्त्यांवर तिला धाप लागली. इंजिन तापायचं, वेग घेववेना. शेवटी निमूट परत यावं लागलं. कंपनीने काय केलं असेल? गाडी बंद केली? छे! घरी आणली, सुधारली, पुढची काढली. चल, उद्या नऊला ये.”

उद्या नऊला ये! या शब्दांवर गुणाजीचा संसार उभा राहिला. त्या तान्ह्या पोराचं, गौतमचं शिक्षण झालं, मुलीचं, प्राचीचं लग्न झालं. साहेबांविषयी कोणी वाकडं बोललं तर तो आजही बाह्या सरसावायचा. म्हणून तर लागलं होतं इतकं. परक्याने स्टिअरिंग काढून घेतलं असतं तर एक शिवी हासडून मोकळा झाला असता.

“जावा आता,” शेवंती म्हणाली. “गणपतीवर कसलो राग? आणि ती नवी बंडी नि पायजमो घाला.”

“गाडी चलवूची नाय तर नवी बंडी कशाक?” असं म्हणून गुणाजी मुद्दाम घरातला विटका शर्ट घालूनच निघाला.

लालबागला हेरंबच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हेरंब मूर्तिकारांच्या तिसऱ्या पिढीतला. धैर्यवानांच्या मूर्तीसाठी त्याच्याकडे आजोबांपासूनची एक बांबूची काठी होती, वर खूण केलेली. तिला कारखान्यात ‘क्राऊनची काठी’च म्हणत. कारण गाडी आली त्या पहिल्या वर्षी घराण्याच्या जुन्या मापाचा गणपती आणला, तर मांडीवर घेतल्यावर मुकुट टपाला टेकायला लागला. साहेबांच्या आईने सरळ निकाल दिला : देव वाकणार नाही, माप कमी करा. तेव्हापासून धैर्यवानांचा गणपती क्राऊनच्या टपाने ठरवलेल्या उंचीचा.

साहेब दारातच खुर्चीवर बसले होते. ब्याऐंशीचं वय, हातात काठी, डोक्यावर ती काळी टोपी. ही टोपी वर्षातून एकदाच, गणपती आणताना कपाटातून निघायची. जुई गाडीला टेकून उभी होती. क्राऊन चकचकीत पुसलेली, पुढे झेंडूचा हार. गुणाजीने सवयीने आरशाकडे पाहिलं, आरसा जरा खाली झुकलेला होता. त्याने तो सरळ केला आणि मग आठवलं, आज आपलं काही काम नाही.

“आलास?” साहेब म्हणाले. “किती वाट बघायची?”

“आलो,” गुणाजी म्हणाला.

हेरंबने मूर्तीपुढे विडा ठेवला, नारळ ठेवला, तोंडावर रेशमी रुमाल टाकला. आता साहेब उठणार, मागे बसणार आणि मूर्ती त्यांच्या मांडीवर दिली जाणार, ही रीत. गुणाजीने रीतीप्रमाणे जाऊन मागचा दरवाजा उघडून धरला. साहेब उठले, दरवाजापर्यंत आले आणि थांबले.

“बस,” ते म्हणाले.

“कोण?”

“तू. दुसरं कोण आहे इथे? माझे हात आता थरथरतात. आणि ते थरथरत नसते तरी तूच बसला असतास. एवढी वर्षं देव तू आणलास आणि मांडीवर मी मिरवला. तुझे हात कधी मोकळेच नसायचे रे, स्टिअरिंगवर असायचे. म्हणून या पोरीला शिकवायला लावलं.”

“आणि मी किती बोलणी खाल्ली काका तुमची,” जुई म्हणाली. “क्लच हळू, क्लच हळू!”

गुणाजीला घाम फुटला. ती सीट त्याने हजारो वेळा पुसली होती. तिच्या शिवणीतला टाका न् टाका त्याला माहीत होता. पण तिच्यावर तो एकदाही बसला नव्हता.

“साहेब, मी… हे बघा कपडे. घरातलाच शर्ट घालून आलो. रागाने आलो मी,” तो म्हणाला. “माका वाटला, तुम्ही माका काढलात.”

“काढतो तुला!” साहेब खेकसले. “अर्धं आयुष्य तुझ्या हवाली केलं मी. रस्त्यावर तू होतास म्हणून मी मागे बसून झोपा काढल्या. मला आभार मानता येत नाहीत, गुणाजी. आमच्या घरात कोणी शिकवलंच नाही. बस आता, मुहूर्त टळेल.” आणि त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढून गुणाजीच्या डोक्यावर ठेवली. जरा तिरकी बसली, तर हाताने सरळ केली.

गुणाजी चपला काढून आत बसला. हेरंबने मूर्ती मांडीवर दिली. मोरयाचा गजर झाला. मुकुट आणि टप यांच्यामध्ये बरोबर चार बोटं उरली.

साहेब पुढे, जुईच्या शेजारी. गाडी चिंचपोकळीवरून भायखळ्याकडे निघाली. प्रत्येक सिग्नलला मागे गुणाजीचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता. वजन मूर्तीचं म्हणावं तर काहीच नव्हतं, तरी त्याचे दंड भरून आले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. वाहू दिलं.

ठाकूरद्वारला वळल्यावर ते फाटक आलं. जुईने दांडा खाली ओढला, गाडी आत घातली, आणि डावीकडून आवाज आला. कर्र्र.

गाडी थांबली. जुईचे हात स्टिअरिंगवर गोठले. “आजोबा… सॉरी. शेवटच्या दिवशी मी…”

साहेबांनी मान वळवून मागे पाहिलं. त्यांच्या मिशीखाली हसू होतं. ते फक्त वाट बघत राहिले.

“बाय,” गुणाजी मागून म्हणाला, “ही क्राऊन पहिल्यांदा अमेरिकेत गेली होती ना, तेव्हा तिला धाप लागली होती. निमूट परत यावं लागलं. म्हणून काय कंपनीने गाडी बंद केली?”

जुईने आरशात पाहिलं. “नाही?”

“छे! चल, हळू आत घे. मी आहे मागे.”

गाडी आत येऊन उभी राहिली. वर गॅलरीत घरच्या बायका आरतीचं तबक घेऊन आल्या होत्या. गुणाजीने उतरायचं म्हणून दरवाजाच्या कडीकडे पाहिलं. दोन्ही हात देवाला वेढलेले, कडी ओढणार कशी? तेवढ्यात काठीची टकटक ऐकू आली. ब्याऐंशी वर्षांचे कमलाकांत धैर्यवान गाडीला वळसा घालून येत होते. जुई धावली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं.

त्यांनी स्वतः मागचा दरवाजा उघडला आणि धरून उभे राहिले.

“सावकाश उतर, गुणाजी,” ते म्हणाले.