एकतिसावा दिवस

अहो, जरा हळू धरा, माझ्या कडा फाटतील! आणि धुळीला बघून असं नाक मुरडू नका. मी दाव्याची फाईल बोलतेय, आणि आज मला आनंदानं नुसतं गरगरतंय. अकरा वर्षांनी मी अंतिम झाले, अंतिम! सगळं सांगते, पण भराभर सांगते, कारण मला न्यायला शिपाई येतोय.

जन्मले तेव्हा मी जेमतेम चार पानांची होते. एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ, दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. ताई शिवणकाम करते, भाऊ सुतार. ताईच्या मशीनसमोरची खिडकी भावाच्या अंगणात उघडायची. एके दिवशी त्याच्या करवतीचा भुसा उडाला तो थेट ताईच्या हातातल्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर. ताई तोंडाला येईल ते बोलली, भाऊ उलटून बोलला, आणि तिरीमिरीत त्यानं खिडकीवर बाहेरून फळ्या ठोकल्या. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून अंगणात जायचं मधलं दारही बंद केलं. ताईनं दावा लावला, आणि मी जन्माला आले.

मग काय विचारता! जबाब, नकाशे, फोटो, अर्जावर अर्ज. ती दोघं काळजीनं वाळत गेली आणि मी बाळसं धरलं. माणसांची एक गंमत सांगू? समोरासमोर आली की ही दोघं भिंतीकडे बघायची, पण माझ्या पोटात एकमेकांबद्दल पानंच्या पानं लिहायची. लहानपणी भाऊ ताईला काय म्हणाला होता, त्याला सायकल कोणी शिकवली, सगळं! वकील म्हणायचे, याचा दाव्याशी काय संबंध? तरी लिहायचीच.

त्यातलं एक पान मात्र मला अजून टोचतं. ताईचा जबाब. 'दिवसाढवळ्या दिवा लावून शिवते. काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसत नाही. हल्ली सुईत दोरा ओवायला गिऱ्हाइकांना सांगावं लागतं, आणि गिऱ्हाईक एकदा असं बघून गेलं की परत येत नाही.' न्यायाधीशांनी ते पान दोनदा वाचलं.

निकाल लागला. खिडकी उघडावी, मधलं दार मात्र बंदच राहील, कारण ताईला पुढून वेगळी वाट आहे. ताईचं दाराकडे लक्षच नव्हतं. "जिंकले!" म्हणून तिनं बाहेरच्या सगळ्यांना गोळ्या वाटल्या, समोरच्या वकिलालासुद्धा. त्यानं दोन घेतल्या. माझ्या तर दोऱ्या सैल झाल्या हो!

पण मला सांभाळणाऱ्या कारकूनबाई भारी शिस्तीच्या. "ताई, इतक्यात नाचू नका," त्या म्हणाल्या. "निकाल लागलाय, अंतिम झालेला नाही. तीस दिवसांत तुमच्यापैकी कोणीही अपील करू शकतं. अपील झालं की वरच्या न्यायालयात पुन्हा सगळं सुरू. तोवर फळ्या तशाच."

ताईच्या हातातली गोळी हातातच राहिली. "म्हणजे आणखी अकरा वर्षं? तोवर माझे डोळे राहतील का हो?"

बाईंनी कॅलेंडर बघितलं. "तिसावा दिवस रविवार. सुट्टी आहे, म्हणून सोमवारी पाचपर्यंत मुदत धरायची. अर्ज इथं, माझ्याच टेबलावर येणार."

ते तीस दिवस! कोणी कागद घेऊन टेबलाशी आलं की त्यावर 'अपील' लिहिलंय का, ते मी आधी बघायची. एकदा तर बाईंचा भाचा लग्नाची पत्रिका घेऊन आला, तर मला घेरीच यायची बाकी राहिली.

सोमवारी दहाच्या ठोक्याला ताई हजर, बगलेत पिशवी. पाच मिनिटांनी भाऊ, त्याच्याही बगलेत पिशवी. एकाच बाकावर दोन टोकांना बसली. मग ताई हळूच टेबलाशी आली. "त्यानं काही दिलं का?" "नाही. तुम्हाला द्यायचंय?" "छे छे. बघू." ती बसली की भाऊ आला. "तिनं दाराचं अपील दिलं का?" "नाही. तुम्हाला द्यायचंय?" "नाही हो. बघू."

मला हसू आवरेना. दोघांच्या पिशवीत अपील तयार होतं, पण समोरच्यानं दिलं तरच द्यायचं! ती त्याच्यावर पहारा ठेवून, तो तिच्यावर. भाऊ पाणी प्यायला उठला की ताई पिशवी घेऊन मागे. ताई शिंकली की भाऊ दचकून उभा. दुपारी ताईनं डबा उघडला, थोडं खाल्लं, आणि उरलेला डबा न बघता बाकाच्या मध्यावर सरकवला. भावानंही न बघताच तो संपवला. साक्षीदार मी!

पाचाला पाच मिनिटं कमी असताना दोघंही टेबलाशी येऊन उभी राहिली. हात पिशवीत. मी डोळे मिटले.

टण्! पाच वाजले. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "संपली मुदत. कोणाचंच अपील नाही."

"याचं नाही?" ताई.

"हिचं नाही?" भाऊ.

"दोघांचं नाही. निकाल अंतिम." आणि माझ्या कपाळावर धाडकन शिक्का बसला. काय झिणझिण्या आल्या म्हणून सांगू!

भाऊ खुळ्यासारखा बघत राहिला. "म्हणजे यावर आता कधीच भांडता येणार नाही?"

"नाही. कुठल्याच न्यायालयात नाही."

"मग ताई, आपण बोलायचं तरी कशावर गं?"

ताईला हसू फुटलं, मग रडू, मग पुन्हा हसू. भावानं मान खाली घातली. "उद्या सकाळी उठल्या उठल्या फळ्या काढतो."

"उद्या कशाला, बाब्या?" ताईनं त्याचं मनगट धरलं. "अजून तासभर उजेड आहे. पळ!"

आणि पन्नाशीचा बाब्या आणि साठीची ताई जिन्यावरून अशी धडाधडा उतरली की खालचा पहारेकरी ओरडला. एक पिशवी टेबलावरच राहिली होती. बाईंनी ती न उघडता कपाटात ठेवली.

आला बघा शिपाई. आता मी तळघरातल्या फळीवर जाणार. माझी एक विनंती ऐकाल? माझी दोरी सोडून आत बघायचा मोह कोणाला झालाच, तर ताईचं ते एक पान वाचा आणि लगेच बांधून ठेवा. बाकीचं राहू द्या. चला, येते मी. अकरा वर्षांत आज पहिल्यांदाच माझ्यावर पुढची तारीख लिहिलेली नाही.