मोरूचा गादा

"आये, इकडं येव नको. घरी जा!" होडी किनाऱ्याला लागायच्या आधीच जीवन ओरडला.

असं सांगितल्यावर कुठली बाई घरी जाते? आवडाबाई लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात शिरली. होडीमागे दोरीला बांधलेला गादा कुशीवर तरंगत होता. मुरुडला पाहुणे ज्याला डॉल्फिन म्हणतात आणि ज्याच्यासाठी टाळ्या पिटतात, तोच. रात्री जीवनच्या जाळ्यात अडकून, श्वासाला वर येता न आल्याने मेला होता. पाठीवरच्या पराचं टोक कापलेलं होतं.

"आपलाच हाय रे," म्हणत ती तिथेच पाण्यात मटकन बसली.

मोरू, तिचा नवरा. बारा वर्षांपूर्वी हाच गादा अडकला, तेव्हा मोरूने नवंकोरं जाळं कोयत्याने फाडून त्याला सोडवलं होतं. घाईत पराचं टोक गेलं. पुढे मोरू काविळीने गेला, पण गादा दर हिवाळ्यात खाडीच्या तोंडाशी यायचाच. "आवडे, दादला आला गो तुझा!" शेजारीण रंगू चिडवायची. आवडाबाई तिला शिव्या घालायची आणि हळूच जाऊन बघून यायची.

म्हणून तर गादे वाचवायचं काम करणाऱ्या इरा मॅडम आवाजाचे डबे घेऊन आल्या, तेव्हा हिनेच पदर पसरला. डबे जाळ्याला बांधायचे, त्यांचा आवाज ऐकून गादा लांब राहतो. मासळी पळेल म्हणून अख्खी आळी हसली. आवडाबाईने दहा डबे घरी आणले, अंगणात मांडले आणि डांबराचे दोन हात दिले. खारं पाणी काय सोडतं? होडी असो, नांगर असो, जपायचं त्याला डांबर. एवढीशी फट ठेवली नाही बाईने. जीवनने ते तसेच जाळ्याला बांधले.

गादा मेल्याचं कळून दुपारी इरा आली. तिने जाळ्यावरून सोडलेल्या एका डब्यावरचं डांबर खरवडलं. खाली दोन चकचकीत टिकल्या निघाल्या.

"मावशी, या टिकल्यांना पाणी लागलं की मगच आवाज सुरू होतो."

"आनि लागलाच न्हाय तर?"

इराने डबा खाली ठेवला.

"सांग ना गो पोरी."

"तर डबा मुका राहतो, मावशी."

रंगूने तोंडाला पदर लावला. बोलला तो जीवन, सगळ्यांदेखत.

"बाबानी जाला फारून त्याला जगवला. तू डांबर लावून मारलास."

"व्हय," आवडाबाई म्हणाली. त्यात खोटं काय होतं?

गाद्याला वाळूत पुरायला सगळे गेले, ती गेली नाही. मोरूचाच कोयता घेऊन अंगणात बसली आणि एकेक डबा खरवडून समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत टाकू लागली. पहिला टिकटिकला. तिने मान हलवली, दुसरा उचलला. दहावा पाण्यात पडला तेव्हा दिवे लागले होते.

जीवन जेवायला बोलवायला आला. बादलीकडे बघवेना त्याला.

"बंद कर गो आये ते."

"पान्यात हाय तवर वाजनार," ती म्हणाली. "वाजू दे. तू जेवून घे."