बॅटरीची सवत

मी एक जुनी चेतापेशी आहे. माझं घर कमरुद्दीनच्या मानेच्या मणक्यापाशी आणि माझा लांबलचक तंतू थेट त्याच्या उजव्या हाताच्या बोटापर्यंत. बोटाला काय लागलं ते वर कळवायचं, हे माझं काम.

मित्रांनो, खरं सांगते, मी बॅटरीवर जळते. लढाईचे दिवस होते, १९४३ साल. भिंगारला लष्करी गाड्यांच्या बॅटऱ्या चार्ज करायचं काम कमरुद्दीनकडे होतं. उभ्या गाडीचीही बॅटरी उतरू नये म्हणून तो तिला पाणी घाली, फडक्याने पुसे, वर "माझी राणी" म्हणे. अन् मी? हात मांडीवर निवांत पडला तरी मला उसंत नाही. माझ्या पातळ पडद्यातून सोडियमचे कण आत घुसायला टपलेले, पोटॅशियमचे बाहेर सटकायला. रक्तातून मिळेल त्या बळावर मी सोडियमला हाकलते, पोटॅशियमला ओढून आणते. तरी पोटॅशियम थोडं थोडं बाहेर निसटतंच, म्हणून माझ्या आत ऋणभार राहतो, बाहेर धनभार. हा भार असेल तरच मला निरोप धाडता येतो. पण कौतुक कुणाचं? राणीचं.

रमजान होता. दुपारी रोज्याच्या ग्लानीत कमरुद्दीन बाकाच्या पाठीवर उजवा दंड टाकून झोपला. दंड दाबला गेला, रक्त थांबलं, माझं बळ सरलं. सोडियम आत शिरलं आणि भार उतरला.

तो दचकून उठला तो राणीकडेच धावला. बधिर हाताचा धक्का लागून अ‍ॅसिडची बरणी कलंडली. तोच हात त्याने सांडलेल्या अ‍ॅसिडात टेकला आणि डाव्या हाताने बॅटरी चाचपू लागला. बोटं भाजत होती. मला ओरडायचं होतं, पण धाडणार कशाच्या जोरावर?

"कमरूभाई, हात काढा आधी," जोडीदार रंगनाथने त्याला मागे ओढलं आणि हातावर रांजणातलं पाणी ओतत राहिला. "कळत न्हाई व्हय तुमाला?"

"हात हाय का न्हाई तेच कळंना," कमरुद्दीन रडवेला झाला.

रक्त परतलं. मी जीव तोडून सोडियम उपसलं. आधी मुंग्या आल्या, मग आग.

"झोंबतंय रे, लई झोंबतंय."

"मग हात वाचला म्हना," रंगनाथ म्हणाला.

मित्रांनो, हातपाय दाबून झोपू नका आणि मुंग्या आल्या तर वैतागू नका. आम्ही कामावर परतत असतो.

संध्याकाळी फोड आलेल्या बोटांनी त्याने रोजा सोडायला खजूर उचलला. तो मऊ आहे, हे त्याला मी सांगितलं. राणीला विचारा, तिला जमतं का.