ताईविरुद्धची मॅच

माझी ताई एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवायची. हात इतका हलका, की अवघड काम असलं तर दंतवैद्य बजावून सांगायचे, "हे बाईंकडेच द्या." फायटिंगच्या व्हिडिओ गेममध्येही तोच हात. स्पर्धांसाठी तिनं टोपणनाव घेतलं होतं, कवळीबाई. समोर बसणारी पोरं आधी हसायची आणि हरून उठताना म्हणायची, "बाई, अजून एक होऊन जाऊ दे."

मला खेळायला तिनंच शिकवलं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. कामावरून सुटलो की हाताचं ग्रीस धुऊन तिच्या घरी जाऊन शेजारी बसायचो. गेममधल्या पात्रांपैकी ती पैलवान घ्यायची, मी भालेवाली. अकरा वर्षांत मी तिला फार तर चार-पाचदा हरवलं असेन, आणि त्यातही एकदा तिला ताप होता.

गेल्या वर्षी तिच्या डाव्या हातातून मेणाचा साचा निसटायला लागला. आम्ही थट्टेवारी नेलं. मग तपासण्या झाल्या. नसांचा आजार होता; स्नायू झिजत जाणार होते. ताईनं एवढंच विचारलं, "बोटं किती दिवस साथ देतील?" डॉक्टर चष्मा पुसत बसले.

"मोठ्या स्पर्धेला यंदाच जाऊ," ती जिना उतरताना म्हणाली. "दरवर्षी आपलं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी."

दोन हजार खेळाडू होते. भल्यामोठ्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा, आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसा बटणांचा आवाज. दोनदा हरलं की बाहेर, असा नियम. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही एकेकदा हरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी फळ्यावर पुढच्या जोड्या लागल्या आणि माझ्या नावासमोर कवळीबाई होती.

"आता मला हरवलंस, तर घरी जेवायला कोण घालतं बघू तुला," ती म्हणाली.

पहिला गेम तिनं जिंकला, दुसरा मी. तिसऱ्यात पडद्यावर दोघांच्याही पात्रांचा जीव संपत आला होता. तिचा डावा हात मला दिसत होता. खालचा वार अडवायला जॉयस्टिकची काठी झटकन खाली ओढावी लागते आणि तेच तिला आता जमत नव्हतं. पायावर एक भाला मारला असता, की संपलं असतं.

मी उडी मारली. पैलवानासमोर उडी मारणं म्हणजे आपणहून त्याच्या कुशीत जाणं. ही तिची पहिली शिकवण. तिनं मला हवेतच धरलं आणि आपटलं.

मागे उभी असलेली माणसं ओरडली. ताईनं माझं डोकं काखेत घेतलं. ती रडत होती. पुढच्याच फेरीत ती हरली, पण परतीच्या वाटेवर गाडीत तिनं तो शेवटचा डाव मला तीनदा सांगितला, जणू मी तिथं नव्हतोच.

महिन्याभरानं, रविवारी सकाळी तिचा फोन आला. "ये जरा."

मी गेलो, तेव्हा टीव्हीवर स्पर्धेतल्या आमच्या मॅचचं रेकॉर्डिंग थांबवून ठेवलेलं होतं. माझी भालेवाली हवेत होती.

"लॅबमधल्या मुलींना दाखवायला काढली," ताई म्हणाली. "ही उडी का मारलीस?"

"चुकलं, ताई. गडबडीत."

"तू गडबडीत उडी मारत नाहीस. गडबडलास की मागे सरतोस. लहानपणापासून."

मी टीव्ही बंद करायला रिमोट शोधू लागलो.

"मी त्या पोरींना अख्खी गोष्ट सांगितली रे," ती म्हणाली. "आईला सांगितली. फिजिओथेरपीवालीला सांगितली." आवाज चढलेला नव्हता. "मला तिथं एकदा खरं खेळायचं होतं. हरले असते तरी ती माझी मॅच असती."

"मला नाही बघवलं तुझ्या हाताकडे."

"ते कळतंय मला. म्हणून तर राग धड येत नाही."

मग तिनं काठी मांडीवर घेतली आणि दुसरी माझ्याकडे सरकवली. "आता खेळ. नीट खेळ."

मी नीट खेळलो. पायावर, पुन्हा पायावर. पाच गेम झाले आणि पाचही मी जिंकले. वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. शेवटच्या गेममध्ये तिचा डावा हात काठीवरून घसरून मांडीवर पडला आणि तिनं तो उचलला नाही.

"बरं वाटलं?" मी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. मग काठी बाजूला सारून म्हणाली, "तुझा खालचा वार छान झालाय."

त्यानंतर ती खेळली नाही. उन्हाळ्यात लॅबही सुटली. आता मी तिला भरवतो तेव्हा आम्ही बरंच बोलतो, शेजाऱ्यांबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल. त्या मॅचचा विषय ती काढत नाही, आणि माझी हिंमत होत नाही.